अण्णा म्हणतात, मेडिक्लेम बंद कर

पत्र:

ताई, माझे वडील (आम्ही अण्णा म्हणतो) ७१ वर्षांचे आहेत, आई ६६ ची. दोघं कराडला, मी पुण्यात खासगी नोकरीत. नऊ वर्षांपूर्वी दोघांची मिळून पाच लाखांची फ्लोटर मेडिक्लेम काढली. गेल्या वर्षी मूळ हप्ता ५२,००० होता, जीएसटी धरून ६१,३६० भरले. जीएसटी माफ झाल्याची बातमी वाचून हायसं वाटलं, तर यंदाची नोटीस आली ६१,००० ची!

दिवाळीत आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. बिल १,४२,०००, कंपनीने दिले ९६,०००. सकाळी अकराला डॉक्टर म्हणाले घरी जा, प्रत्यक्षात सुटलो रात्री नऊला, आणि त्या दिवसाचंही भाडं लावलं. तेव्हापासून अण्णांचं एकच पालुपद, 'बंद कर ते, पैसे एफडीत टाक.' थोरला भाऊ म्हणतो, आता सत्तरीनंतर सरकारी कार्ड मिळतं, मग हे कशाला? माझी कंपनी २८,००० रुपयांत आईवडिलांना तीन लाखांचं कव्हर देते. ते घेऊन हे सोडावं का? आणखी एक. अण्णांनी परवाच सांगितलं की पॉलिसी काढताना त्यांना शुगर होती, पण एजंट म्हणाला लिहू नका. रिन्यूअलला तीन आठवडे उरलेत.

– एक मुलगा, पुणे

उत्तर:

पॉलिसी बंद करू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण तीन आठवडे बघता बघता जातात म्हणून हे आधी सांगितलं.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. शुगरची. मी एकोणीस वर्षं क्लेमच्या टेबलावर काढली, पैसे देणाऱ्या बाजूला, आणि 'एजंट म्हणाला लिहू नका' हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की फाइल उघडण्याआधीच ते कानात वाजायचं. एजंटचं कमिशन पहिल्या वर्षी सुटतं, निस्तरावं लागतं ते घरच्यांना, पाच-सात वर्षांनी, आयसीयूच्या बाहेर बसून.

तुमच्या नशिबाने मधल्या काळात नियम बदलले. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या नियंत्रकाने, १ एप्रिल २०२४ पासून दोन मुदती कमी केल्या. आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबायला लावण्याची कमाल मुदत ४८ महिन्यांवरून ३६ वर आली. आणि ज्याला 'मोरॅटोरियम' म्हणतात, ती मुदत आठ वर्षांवरून पाच वर आली. सलग ६० महिने पॉलिसी चालली की 'तुम्ही अमुक आजार लपवला होता' या कारणावर कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. अपवाद एकच, फसवणूक. तीही नुसती म्हणून चालत नाही, सिद्ध करावी लागते.

तुमची नऊ वर्षं झाली आहेत, सलग. अण्णा ज्याला पाण्यात गेलेले पैसे म्हणतात, त्यातून ही नऊ वर्षं विकत घेतली गेली आहेत. आज ती सोडली आणि दोन वर्षांनी पुन्हा वाटलं की घ्यावी, तर ७३ वर्षांच्या, शुगर असलेल्या माणसाला नवी पॉलिसी कोण देईल? वयाची ६५ ची अट आता राहिलेली नाही, कंपन्यांनी सगळ्या वयांसाठी योजना ठेवायच्या असा नियम झाला. पण योजना ठेवणं वेगळं आणि तुमच्या अण्णांचा अर्ज स्वीकारणं वेगळं. तपासण्या होतील, हप्ता चढवतील, तीन वर्षं थांबा म्हणतील, किंवा सरळ नाही म्हणतील.

याच कारणासाठी पोर्ट करण्याच्या, म्हणजे जुनी वर्षं सोबत घेऊन पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेण्याच्या भानगडीतही पडू नका. पोर्टिंगचा अर्ज रिन्यूअलच्या दीड महिना आधी करायचा असतो, यंदा ती गाडी सुटलीच आहे. सुटली ते बरं झालं. नव्या कंपनीच्या फॉर्मवर शुगर लिहावी लागेल (लिहायचीच, आता तरी खोटं नको) आणि त्यावर नाही म्हणायचा तिला हक्क आहे. जुन्या कंपनीला रिन्यूअल नाकारायला तसा हक्क नाही. आईचा क्लेम झाला म्हणूनही ती नाकारू शकत नाही.

आणि अण्णांना हे नीट समजावा. पुढे कधी दवाखान्यात दाखल झाले तर डॉक्टरांना शुगर किती वर्षांची आहे ते खरं सांगायचं. घाबरून 'गेल्याच वर्षी निघाली' म्हणायचं नाही. आम्ही क्लेमवाले बिलाच्या आधी केस पेपर वाचतो. एका कागदावर बारा वर्षं, दुसऱ्यावर एक वर्ष, असं दिसलं की साधा क्लेमही चौकशीत जातो.

आता पैशांचं. अण्णांचा प्रश्न रास्त आहे, कर गेला तर पैसे तेवढेच कसे? २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. पण त्याबरोबर कंपन्यांना स्वतःच्या खर्चावर भरलेल्या कराची मिळणारी वजावटही गेली, आणि ती कुठून तरी भरून निघणार हे उघड होतं. तरी तुमच्या नोटिशीचं पूर्ण उत्तर त्यात नाही. मूळ हप्ता ५२ वरून ६१ हजार, म्हणजे सतरा टक्क्यांच्या वर वाढ. ३० जानेवारी २०२५ चा आयआरडीएआयचा आदेश असा आहे की साठीपुढच्यांच्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी नियंत्रकाशी सल्लामसलत करावी. मग सतरा कसे? माझा अंदाज, अण्णांनी वयाची पायरी ओलांडली. फ्लोटरचा दर बहुधा सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर बसतो आणि दरपत्रकात सत्तरच्या पुढची पायरी उंच असते.

अंदाजावर राहू नका, विचारा. एजंटला फोन नको, कंपनीला ई-मेल करा. दोनच ओळी: या वाढीत वयाच्या पायरीमुळे किती आणि दरवाढीमुळे किती? दरवाढीचा भाग दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर तो कोणत्या आधारावर? उत्तर टाळलं तर 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पण त्या उत्तराची वाट बघत रिन्यूअल थांबवू नका. हप्ता वेळेत भरा, भांडण मागून चालू ठेवा. मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते खरी, पॉलिसी तुटत नाही, पण त्या मधल्या दिवसांत दवाखाना लागला तर सगळा खर्च तुमच्या अंगावर.

एफडीचं गणितही करून टाकू, कारण अण्णा त्याशिवाय ऐकणार नाहीत. वर्षाला ६१,००० सात टक्क्यांनी टाकले तर पाच वर्षांनी साधारण पावणेचार लाख होतात. वाईट नाही. पण आजारपण पाचव्या वर्षापर्यंत थांबेल असं कुणी लिहून देतंय का? पहिल्याच पावसाळ्यात काही झालं तर त्या एफडीत ६१,००० असतील आणि समोर बिल कितीचं, ते कुणाला ठाऊक.

आता आईचं बिल. तुम्ही कपातीच्या पत्राचा फोटो पाठवलात ते फार चांगलं केलंत, बहुतेक लोक तो कागद रागाने फेकून देतात. मी आकडे लावून बघितले. तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० आहे. तुम्ही घेतलेली खोली ७,५०० ची, चार दिवस. खोलीचे ३०,००० झाले, कंपनीने २०,००० दिले. इथवर कुणालाही कळतं. पण सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून जे ७२,००० होते, त्यातलेही दोन तृतीयांशच मंजूर झाले, ४८,०००. कारण हॉस्पिटलं हे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे लावतात. तेच ऑपरेशन, तोच सर्जन, तेच टेबल, आणि रुग्ण वरच्या मजल्यावरच्या खोलीत झोपला म्हणून टाक्याचा भाव वाढतो. कंपनी म्हणते, आमच्या मर्यादेतल्या खोलीला जेवढं पडलं असतं त्या प्रमाणात देऊ. औषधं आणि तपासण्यांचे २८,००० पूर्ण मिळाले, त्यांना ही प्रमाणशीर कात्री लावता येत नाही. (तुमच्या कागदावर लावलेली नाही. पण इतर वाचकांनी आपापले कागद जरूर बघावेत, तिथे चुका होतात.) उरलेले १२,००० हातमोजे, किट, फाइल चार्ज असल्या गोष्टींचे, ते पॉलिसीत बसतच नाहीत.

बेरीज करा. खोलीचे १०,०००, सर्जन वगैरेंचे २४,०००, किरकोळ १२,०००. झाले ४६,०००. त्यातले ३४,००० केवळ दिवसाला अडीच हजारांनी महाग खोली घेतल्यामुळे गेले. आईला एसी खोली हवी असं वाटणं चूक नाही, पण दाखल करताना काउंटरवर कुणी हे सांगत नाही. तिथे फक्त विचारतात, 'मेडिक्लेम आहे का?' आणि हो म्हटलं की आवाज मऊ होतो.

म्हणून हप्ता कमी करण्यासाठी कुणी 'पाचाऐवजी तीन लाखांची करून टाका' असा सल्ला दिला तर ऐकू नका. तीन लाखांवर एक टक्का म्हणजे दिवसाला ३,००० ची खोली. कात्री आणखी खोल जाईल. उलट कंपनीला विचारा की खोलीभाड्याची मर्यादा नसलेली तिचीच दुसरी योजना आहे का आणि नऊ वर्षांचं सातत्य ठेवून तिच्यात जाता येईल का. हे पुढच्या रिन्यूअलच्या दोन महिने आधी करायचं काम. त्याच वेळी दोघांच्या स्वतंत्र पॉलिसींचाही दर मागवा. अण्णांच्या वयाचा भार आईच्या डोक्यावरून उतरला तर एकूण हिशेब कसा बसतो ते समोरासमोर ठेवून बघता येईल.

डिस्चार्जच्या दिवसाबद्दल. २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या (कंपनी बिल थेट हॉस्पिटलला देते त्या सोयीच्या) पहिल्या मंजुरीसाठी कंपनीला एक तास आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीसाठी तीन तास मिळतात. तीन तासांवर गेलं आणि त्यामुळे हॉस्पिटलने जास्तीचं काही लावलं, तर ते कंपनीने सोसायचं. ऐकायला छान. गोम अशी की घड्याळ सुरू होतं हॉस्पिटलची विनंती कंपनीकडे पोचल्यावर. डॉक्टर अकराला 'घरी जा' म्हणतात, मग सारांश टाइप होतो, फार्मसीचं क्लिअरन्स येतं, बिलिंगवाला जेवायला जातो, आणि अंतिम बिल कंपनीला जातं दुपारी चारला. पुढे दोष येतो 'इन्शुरन्सकडून अप्रूव्हल नाही' या वाक्यावर. माझ्या टेबलावर असे कितीतरी क्लेम आले जे आम्हाला मिळून वीस मिनिटं झाली होती आणि नातेवाईक सकाळपासून उपाशी ताटकळत होते. तेव्हा पुढच्या वेळी काउंटरवर एकच प्रश्न विचारा, अंतिम बिल कंपनीला किती वाजता गेलं? वेळ लिहून घ्या. तुमच्या बाबतीतही कंपनीकडून ही वेळ मागवता येईल. उशीर तिचा निघाला तर त्या दिवसाच्या भाड्यावर हक्क सांगा. महिनाभरात दाद मिळाली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं. खोलीच्या प्रमाणात झालेल्या कपातीसाठी मात्र जाऊ नका, ती पॉलिसीत लिहिलेली आहे, हेलपाटा फुकट जाईल.

थोरल्या भावाचं अर्धं बरोबर आहे. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कव्हर २९ ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. खासगी मेडिक्लेम असली तरी मिळतं. जुन्या आजाराला थांबावं लागत नाही. अण्णांचं 'वय वंदना' कार्ड याच आठवड्यात काढा, आधार पुरतं. फक्त आधारवरची जन्मतारीख बघून घ्या. शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लिहिलेली अख्खी पिढी आहे आपल्याकडे, आणि वर्षही कधी दोन-तीनने मागेपुढे असतं. योजना आधारवरचं वय धरते. आईसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०२३ च्या निर्णयाने ती पांढऱ्या रेशनकार्डापर्यंत सगळ्यांना खुली झाली आणि जुलै २०२४ पासून मर्यादा कुटुंबाला पाच लाख.

भावाचं उरलेलं अर्धं चुकतं ते इथे. कार्ड चालतं योजनेतल्या हॉस्पिटलात, यादीतल्या उपचाराला, आणि तिथेही ज्या विभागासाठी ते हॉस्पिटल नोंदलेलं आहे त्याच विभागात. भावालाच काम द्या. कराड आणि साताऱ्यात कोणती हॉस्पिटलं योजनेत आहेत, हृदयासाठी कोणतं, हाडांसाठी कोणतं, हे १४५५५ वर फोन करून आणि प्रत्यक्ष जाऊन, आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनीसाच्या टेबलापाशी उभं राहून विचारून येऊ दे. यादी हातात आली की कार्डाची ताकदही कळेल आणि मर्यादाही. शिवाय हप्ता दोघांत वाटलात तर प्रत्येकी महिन्याला साधारण अडीच हजार पडतात. हे मी सुचवलं म्हणून सांगा, वाईटपणा माझ्याकडे.

तुमच्या कंपनीचं २८,००० चं कव्हर नोकरी असेपर्यंतच. जवळ पैसे असतील तर जोडीला घ्या, अशा पॉलिसीत जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात, तेवढं एचआरला विचारून खात्री करा. मेडिक्लेमच्या बदल्यात नको. दोन्हीला पैसे पुरणार नसतील तर त्याऐवजी आईसाठी पाच लाखांच्या वरचा सुपर टॉप-अप बघा, म्हणजे वर्षातला खर्च पाच लाखांच्या पुढे गेला की वरचं देणारी जोडपॉलिसी, तो तुलनेने स्वस्त पडतो.

एक गोष्ट अण्णांच्या बाजूने. त्यांचा राग खरा आहे, फक्त तो अर्ध्या पत्त्यावर जातोय. गेल्या दोन वर्षांत सुधारणा झाल्या त्या जवळजवळ सगळ्या विमा कंपन्यांवर: तास ठरले, मुदती कमी झाल्या, समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येईना. बिल जिथे तयार होतं तिथे मात्र असा कोणी नियंत्रक बसलेला नाही. महाराष्ट्रात खासगी दवाखाने १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली नोंदतात. २०२१ च्या नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितलं, पण दर किती असावा हे सांगितलं नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेलाच नाही. किमतीला हात घातला की काय होतं हे २०१७ च्या फेब्रुवारीत दिसलं होतं. औषध घालून येणारा हृदयाचा स्टेंट लाखाच्या घरात विकला जायचा, तो सरकारने एका आदेशाने २९,६०० वर आणला. त्याच ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्याचंही तसंच केलं. पण ती वस्तूंची किंमत. खोली, थिएटर, भेटीची फी यांना, कोविडकाळातली तात्पुरती मर्यादा सोडली तर, अजून कुणी हात लावलेला नाही, आणि तुमच्या आईच्या बिलातला मोठा वाटा नेमका त्यांचाच आहे. बिलं फुगली की पुढच्या वर्षी हप्ता फुगणार, कंपनीला कितीही शिस्त लावली तरी. मी त्या टेबलावर बसून हे वर्षानुवर्षं बघितलं आणि त्याबद्दल काही करू शकले नाही, हे कबूल करते.

आता शेवटचं, आणि हे या रविवारी कराडला गेलात की करा. एका कागदावर मोठ्या अक्षरात पॉलिसी नंबर, टीपीएचा (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचा) हेल्पलाइन नंबर, '५,००० पर्यंतचीच खोली' आणि तुमचा फोन लिहा. दोघांच्या कार्डांच्या झेरॉक्स त्याला टाचा. ठरवून केलेल्या ऑपरेशनला दोन दिवस आधी कळवता येतं, पण रात्री दोनला छातीत दुखलं तर दाखल झाल्यापासूनच्या २४ तासांत कंपनीला कळवायला हवं, आणि त्या वेळी तुम्ही हायवेवर असाल. कागदाची एक प्रत घरी, दुसरी शेजाऱ्यांकडे द्या. ज्यांच्या गाडीतून आईला दिवाळीत नेलं, त्यांच्याकडे.